निदान आधी, निकाल नंतर

गाडी चालू होईना की आजूबाजूचा प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. एक म्हणतो बॅटरी गेली. दुसरा म्हणतो कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय. तिसरा बॉनेटकडे न बघताच हात झटकतो, ‘इंजिन जाम!’ ऑफिसातही हेच चालतं की. प्रोजेक्ट आपटला की मीटिंगच्या पहिल्या दहा मिनिटांत कारण ठरतं आणि पुढचे दोन तास तेच कारण कसं बरोबर आहे यावर जातात. तपासायचं राहूनच जातं.

तर या आठवड्याचा विषय, ‘इंजिन जाम’. या दोन शब्दांची किंमत मला दिवाळीनंतर कुणकेश्वरात कळली. अठरा हजार रुपये फक्त.

कुणकेश्वर म्हणजे देवगड तालुक्यातलं, अगदी समुद्राला खेटून असलेलं शंकराचं देऊळ. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी गाव निवांत. आमच्या मोठ्या काकांचं घर तिथलंच. मुंबईतली नोकरी संपवून काका गावी गेले ते आपली १९९६ सालची प्रीमियर पद्मिनी घेऊन. २०२१ च्या शेवटी काका गेले. तेव्हापासून गाडी चिऱ्याच्या मांगरात उभी. चार पावसाळे तिने तिथेच काढले. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो थांबला की समुद्राचा खारा वारा असतोच. लोखंडाला सुट्टी नाही.

आता प्रश्न असा होता. काकी एकटी राहते. डॉक्टर, बँक, बाजार, सगळं देवगडला. प्रत्येक वेळी रिक्षा बोलवायची आणि ती मिळाली तर जायचं. शेजारच्या मुलाकडे लायसन्स आहे, गाडी चालवायला तो एका पायावर तयार. पण गाडी चालत नाही. पुण्याचा दादा, म्हणजे काकीचा मुलगा, फोनवर म्हणाला, ‘देऊन टाक गं. जागा तरी मोकळी होईल.’ एक भंगारवाला येऊन बघून गेला होता. बघून म्हणजे मांगराच्या दारातून. ‘इंजिन जाम आहे, काकी. अठरा हजार देतो,’ असं म्हणून त्याने सोमवारी टेम्पो आणायचं ठरवूनही टाकलं. मी पोचले शुक्रवारी. म्हणजे डेडलाइन क्लिअर होती.

काकीने मला एकच गोष्ट सांगितली. ‘चालू होवची नसली तर तसां सांग चेडवा. पण बगून सांग.’

थोडं या गाडीबद्दल, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती फक्त टॅक्सी म्हणून पाहिली असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. २००० च्या सुमाराला उत्पादन थांबलं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, टॅक्सीला असलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. आजच्या गाडीला स्कॅनर लावला की ती निदान एखादा कोड तरी सांगते. ही काहीच सांगत नाही. मात्र तुम्ही नीट विचारलंत तर खोटंही बोलत नाही.

विचारायचं कसं, ते मला शिकवलं जामसंड्याहून आलेल्या एका मेस्त्रींनी. सत्तरी ओलांडलेले, गॅरेज मुलाकडे दिलेलं, पण पद्मिनी म्हटल्यावर शनिवारी सकाळी आठला हजर. त्यांचा फंडा एका ओळीत मावतो. ‘आधी इंजिन फिरता काय बग. मगे ठिणगी. मगे पेट्रोल.’ पेट्रोलचं कुठलंही जुनं इंजिन चालायला इतकंच लागतं. ते फिरलं पाहिजे, योग्य क्षणी ठिणगी पडली पाहिजे, पेट्रोल आणि हवेचं ताजं मिश्रण आत गेलं पाहिजे आणि ते दाबलं गेलं पाहिजे. यातलं काय नाही, ते एकेक करून शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर गाडी चालू होईलही, पण कशामुळे ते कधीच कळणार नाही.

आणि सगळ्यात पहिला नियम, चावीला हात लावायचा नाही. आधी नुसतं बघायचं.

बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी नारळाच्या काथ्याचं झकास टू-बीएचके केलेलं. ते काढलं. वायरी कुरतडल्यात का ते हाताने चाचपलं. दोन ठिकाणी वरचं प्लॅस्टिक गेलं होतं, आतली तार शाबूत होती. तिथे टेप लावली. ऑईलची पट्टी बाहेर काढली. ऑईल काळं होतं, पण लेव्हल बरोबर. ते चहासारखं दुधाळ दिसलं असतं तर आत पाणी गेलंय असं समजायचं आणि पुढचं सगळं थांबवायचं. रेडिएटरमधलं पाणी तळाला गेलं होतं, ते भरलं.

मग मेस्त्रींनी मला मागचं चाक दाखवलं. हँडब्रेक सोडलेला होता, गिअर न्यूट्रल, आणि टायरला टेकवून एक चिरा ठेवलेला. चाकातले ब्रेक चिकटून बसू नयेत म्हणून गाडी बरेच दिवस उभी करताना जाणता माणूस असं करतो. काकांनी गाडी सोडून दिली नव्हती. ती पुन्हा चालवायच्या हिशेबाने ठेवली होती. काकी मांगराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, चिऱ्याकडे बघत राहिली आणि चहा ठेवायला आत गेली.

टायरमध्ये हवा भरली आणि चौघांनी ढकलून गाडी खळ्यात आणली. हे महत्त्वाचं. पेट्रोल आणि ठिणगीचं काम बंद खोलीत करायचं नसतं.

आता पहिला प्रश्न, इंजिन फिरतं का? थेट सेल्फ मारायचा नाही. चार वर्षं कोरड्या राहिलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात, आणि कुठे गंज धरला असेल तर तोडफोड होते. म्हणून चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडलं आणि जेवायला गेलो. दुपारी क्रँक पुलीच्या नटला पाना लावून हाताने हळूच जोर दिला. प्लग काढलेले असले की आत दाब तयार होत नाही, त्यामुळे हाताला खरं काय ते कळतं. पहिल्यांदा पाना हलेना. तीस सेकंद पोटात गोळा. मग अगदी जड दार उघडावं तसं काहीतरी सरकलं आणि पुली फिरली. एक फेरा. दुसरा फेरा. कुठे अडकणं नाही, खरखर नाही.

म्हणजे ‘इंजिन जाम’चा निकाल इथेच लागला. खर्च चार चमचे ऑईल.

‘जाम बोलूक पैसे लागणत नाय, ताई,’ मेस्त्री हात पुसत म्हणाले. ‘बगूक टायम लागता.’

यानंतर बॅटरी. बारा व्होल्टची चांगली, पूर्ण चार्ज बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बाराच्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामी. आमची तीन व्होल्टवर होती, म्हणजे खलास. वर्षानुवर्षं रिकामी राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी आतल्या प्लेटांवर कडक थर धरते, मग ती चार्जरलाही ऐकत नाही. शेजारच्या आंबा बागवाल्यांच्या पिकअपची बॅटरी तासाभरासाठी मागून आणली आणि लावली. मीटर १२.६. चावी फिरवली. नुसतं ‘टक्’.

बहुतेक जण इथे म्हणतात, सेल्फ गेला, नवीन टाका. मेस्त्रींनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला. पुन्हा चावी. सेल्फने मस्त गरगर इंजिन फिरवलं. सेल्फ ठणठणीत होता. करंटची परतीची वाट बंद होती. बॅटरीच्या निगेटिव्हला बॉडीशी आणि इंजिनशी जोडणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने हिरवी-पांढरी होऊन गेलेली. दिवा लावायला पुरेल इतका करंट त्यातून जातो, पण सेल्फला लागतो शेकड्यात अँपिअर. हा बॉटलनेक तुम्हालाही तपासता येतो. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं आणि त्याच वेळी मीटरचं एक टोक निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं इंजिनला लावायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाट खराब. आमच्याकडे दोनच्या वर दिसला होता. पट्टी सोडवून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने लखलखीत केली, घट्ट बसवली, वर ग्रीस लावलं. पॉलिश पेपर दहा रुपये.

दुसरा प्रश्न, ठिणगी. एक प्लग त्याच्या वायरला लावून त्याची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवायची, आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करायची आणि सेल्फ मारायचा. निळी, टणक ठिणगी हवी. आमच्याकडे काहीच नाही. कॉइलपर्यंत बारा व्होल्ट येत होते, म्हणजे अडचण त्याच्या पुढे. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत असतात ते पॉइंट, दोन छोटे धातूचे ठिपके, त्यांची उघडझाप झाली की ठिणगी पडते. उघडतात तेव्हा त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. वापर नसला की त्यांच्यावर न दिसणारा थर बसतो आणि करंट जाईनासा होतो. बारीक पेपर एकदा फिरवला, कोरड्या कागदाने पुसला, फट मापून लावली. पुन्हा सेल्फ. संध्याकाळच्या उजेडात निळी ठिणगी चटचट उडाली आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. जाता जाता एक टिप. अशा गाडीचं इग्निशन इंजिन बंद असताना उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापून जाते.

तिसरा प्रश्न पेट्रोलचा, तो रविवारसाठी ठेवला.

पेट्रोल शिळं होतं, हे आपल्याला कुणी सांगतच नाही. त्यातला हलका, पटकन पेट घेणारा भाग काही महिन्यांत उडून जातो आणि जे उरतं ते हळूहळू डिंकासारखं घट्ट होतं. त्यात आता इथेनॉल. २०२१ मध्ये आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये ते सरासरी आठ टक्क्यांच्या घरात होतं, आणि २०२५ पर्यंत देशभर वीस टक्क्यांचं म्हणजे ई-२० पेट्रोल आलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातली हवा तर पाण्यानेच भरलेली. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं, आणि इंजिनकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच ओढते. शिवाय जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपातला पडदा इथेनॉलसाठी बनलेलेच नाहीत.

टाकीचं झाकण उघडून वास घेतला. पेट्रोलचा नाही, जुन्या वॉर्निशचा. ते सगळं काढून टाकलं. टाकीही काही वेळ बाजूलाच ठेवली. धातूच्या छोट्या कॅनमध्ये ताजं पेट्रोल घेऊन नवा पाइप थेट पंपाला जोडला. म्हणजे गाडी चालू झाली नाही तर दोष टाकीत नाही हे नक्की. काही लोक कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारतात. तो हिरोपणा करू नका. इंजिनने उलटी शिंक दिली की भडका थेट तोंडावर येतो.

चोक ओढला, सेल्फ मारला. खोक, खोक, दोन सेकंद चालली आणि बंद. पुन्हा तेच. पण हे ‘तेच’ कालपेक्षा किती वेगळं होतं! दोन सेकंद चालली याचा अर्थ फिरणं आहे, ठिणगी आहे, दाबही आहे. कमी पडतंय ते पेट्रोल. कार्बोरेटरकडे येणारा पाइप सोडवून कॅनमध्ये धरला आणि सेल्फ मारला. पेट्रोल ठेक्यात येत होतं, म्हणजे पंप ओके. मग उरला कार्बोरेटर. तो उघडला तर तळाला तपकिरी, चिकट डिंक आणि मेन जेट पूर्ण बुजलेला. क्लीनरचा स्प्रे मारून, भिजत ठेवून, हवेने फुंकून तो मोकळा केला. तार घालायची नाही. जेटचं भोक अगदी बारीक असतं, तारेने ते मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल पीत राहते.

रविवारी दुपारी सव्वाबारा वाजता पद्मिनी चालू झाली. आधी खळंभर निळसर पांढरा धूर, कारण आपणच ओतलेलं ऑईल जळत होतं. मग धूर विरला आणि तो ओळखीचा आवाज लागला. ऑईलचा लाल दिवा विझला. शेजारची चार पोरं धावत आली. काकी पायरीवर बसली होती. ‘ह्योच आवाज,’ एवढंच म्हणाली.

शेजारच्या मुलाला लगेच समुद्रावर राउंड मारायचा होता. मेस्त्रींनी चावी काढून खिशात टाकली. चालू होणारी गाडी आणि चालवायची गाडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेक ऑईलही हवेतलं पाणी शोषतं, चाकातले सिलिंडर आतून गंजतात, आणि ब्रेक लागत नाही हे कळायची वेळ नेमकी उतारावर येते. टायरला नक्षी भरपूर असली तरी वय असतं. त्याच्या कडेला चार आकडे असतात. ४२१८ म्हणजे २०१८ चा बेचाळिसावा आठवडा. आमचे तेव्हाचेच होते. शिवाय इन्शुरन्स संपलेला आणि पीयूसी नाही, म्हणजे खळ्याबाहेर जायचा प्रश्नच नाही.

रात्री काकीने ‘कालनिर्णय’च्या मागच्या कोऱ्या जागेवर हिशेब मांडला. बॅटरी, ब्रेकचं काम, चार टायर, पाइप, ऑईल. त्यानंतर कागदपत्रं. गाडी काकांच्या नावावरून आपल्या नावावर करायची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. काकांनी २०११, २०१६, २०२१ तिन्ही वेळा ती केली होती. पुढची पाळी २०२६ ची, आणि वीस वर्षांवरच्या कारसाठी ही फी ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाली. त्यासाठी गाडी ओरोसच्या आरटीओत तपासणीला न्यायची. हिशेबात दुसरा पर्यायही लिहिला. भंगारात द्यायची तर दारावरच्या टेम्पोला नाही, सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात. तिथे सर्टिफिकेट मिळतं, नोंदणी रद्द होते आणि नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलत मिळू शकते. नोंदणी रद्द न करता गाडी कुणाला देऊन टाकली तर कागदावर ती तुमचीच राहते. उद्या तिच्या पार्टचं काहीही झालं तरी नोटीस तुमच्या घरी.

मी मुंबईकर. मला वाटलं, आता काकी इमोशनल होऊन ‘ठेवूया’ म्हणेल. तसं काही झालं नाही. तिने दोन्ही रकाने दोनदा वाचले, रिक्षाचा वर्षभराचा खर्च बाजूला लिहिला आणि दादाला फोन लावला. ‘ब्रेकचां काम करून घेतंय. मे मैन्यापर्यंत बगतंय. परवाडला तर ठेवतलंय, नाय तर देतलंय. पण आता माका म्हायत हा मी काय देतंय तां.’ दादाकडे यावर उत्तर नव्हतं.

सोमवारी टेम्पो आलाच. काकीने बॉनेट उघडून गाडी चालू करून दाखवली. भंगारवाला दोन मिनिटं ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘पस्तीस देतो.’ दोन दिवसांत गाडीत नवीन काहीच पडलं नव्हतं. एक पाइप, थोडं ऑईल, थोडं पेट्रोल आणि पॉलिश पेपर. तेवढ्यावर किंमत जवळजवळ दुप्पट झाली. काकीने त्याला चहा दिला आणि परत पाठवला.

तुमच्याही गावी एखादी मारुती, पद्मिनी नाहीतर बजाज उभी असेल. गणपतीला गेलात की दारातूनच ‘गेली कामातून’ म्हणू नका. एक मीटर, एक प्लग पाना आणि एक मोकळा शनिवार घेऊन जा. आणि परत निघताना गाडी पुन्हा ठेवायची असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या, हँडब्रेक सोडा आणि चाकाला एक चिरा लावा. पुढच्या वेळी जो कुणी बॉनेट उघडेल, त्याचं काम सोपं होईल.